सिसिलीची कापोनाता: वांग्याचं आंबटगोड तोंडीलावणं घरच्या घरी

इटलीच्या दक्षिणेला असलेल्या सिसिली बेटावर वांग्यांचा हंगाम आला की घरोघरी कापोनाता होते. तळलेली वांगी, सेलरी, कांदा, हिरवी ऑलिव्ह, केपर्स, थोडासा टोमॅटो आणि या सगळ्यांना बांधून ठेवणारी व्हिनेगर-साखरेची आंबटगोड चव. भाजी म्हणावी तर ती गरम वाढत नाहीत, आणि लोणचं म्हणावं तर ते बोटभर घ्यायचं असतं, ही वाटीभर संपते. आपल्या पानात तिची जागा डावीकडे, चटणी-कोशिंबिरीच्या रांगेत.

चिंच-गुळाच्या आमटीवर वाढलेल्या जिभेला ही चव परकी वाटत नाही. आंबट कुठे संपावं आणि गोड कुठे सुरू व्हावं, याचा अंदाज आपल्याला लहानपणापासून असतो, आणि कापोनाता करताना तोच सगळ्यात जास्त उपयोगी पडतो. अडचण होते ती हाताच्या सवयीची. फोडणी करायची, सगळं एकाच कढईत ढकलायचं, झाकण ठेवून वाफ आणायची, ही आपली रीत. कापोनातेत ती चालत नाही. इथे वांगं वेगळं तळायचं, सेलरी वेगळी उकळायची, आंबटगोड रस वेगळा शिजवायचा आणि अगदी शेवटी त्यांची गाठ घालून द्यायची. एवढं पाळलंत तर पहिल्याच खेपेला कापोनाता चांगली होईल. हे सोडलंत तर महागडी ऑलिव्ह घालूनही ती वांग्याची पातळ भाजीच होईल.

वांगं मुळात आपल्याच भागातलं. भारतातून इराण, तिथून अरबांच्या हाती आणि त्यांच्यामार्फत भूमध्य समुद्राच्या काठी, असा त्याचा प्रवास झाला. इ.स. ८३१ मध्ये अरबांनी पालेर्मो जिंकलं आणि पुढची सुमारे दोन शतकं सिसिलीवर त्यांची सत्ता होती. ऊस आणि लिंबूवर्गीय फळं त्यांच्याच काळात तिथे रुजली. मनुका, सुक्या मेव्याच्या बिया, आंबटाबरोबर गोड, ही सिसिलीच्या स्वयंपाकातली ओढ त्या काळाशी जोडली जाते. टोमॅटो मात्र अमेरिकेतून फार उशिरा आला. म्हणून कापोनातेत टोमॅटो पाहुण्यासारखा, बेतानेच असावा. रस लालभडक झाला तर समजा की टोमॅटो जास्त पडला.

काय आणि किती

सहा जणांना पुरेल असं प्रमाण देते:

- वांगी १ किलो
- सेलरीचे दांडे २०० ग्रॅम
- कांदा १ मोठा, साधारण २०० ग्रॅम
- पिकलेले टोमॅटो २५० ग्रॅम
- हिरवी ऑलिव्ह १२० ग्रॅम (बिया काढून)
- केपर्स ३ मोठे चमचे
- मनुका २ मोठे चमचे
- चिलगोजे किंवा बदाम ३० ग्रॅम
- व्हिनेगर ४५ ते ६० मिलिलिटर
- साखर २ ते ३ मोठे चमचे
- ऑलिव्ह तेल ४ मोठे चमचे
- तळण्यासाठी शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं तेल
- जाडं मीठ दीड मोठा चमचा
- बेसिलची मूठभर पानं

वांगं निवडताना थोडा वेळ घ्या. सालीला चकाकी हवी, देठ हिरवा आणि ताजा हवा, आणि हातात धरल्यावर आकाराच्या मानाने वजनदार लागायला हवं. बोटाने दाबलं की खळगा राहत असेल तर ते शिळं किंवा जून. जून वांग्यात बिया काळ्या पडतात, त्या कडू लागतात आणि तळल्यावर तोंडात येतात. मध्यम ते मोठी, गडद जांभळी, जाड सालीची वांगी सगळ्यात बरी. गोल असोत की लांब, त्याने बिघडत नाही. भरल्या वांग्यांसाठी घेतो ती लहान काटेरी वांगी इथे नकोत, त्यांत गर कमी आणि बियाच फार. जळगावकडचं भरताचं वांगंही मी इथे वापरत नाही. भाजल्यावर लोण्यासारखं होणं हाच त्याचा गुण, आणि कापोनातेत आपल्याला फोडी अख्ख्या राहायला हव्या आहेत.

सेलरी पुण्या-मुंबईत मोठ्या भाजीवाल्यांकडे आणि सुपरमार्केटात मिळते. आपल्याकडे मिळणारी जुडी बऱ्याचदा बारीक दांड्यांची, हिरवीगार आणि वासाला उग्र असते. तिचा उग्रपणा काढायची युक्ती पुढे सांगते, पण सेलरी गाळू नका. वांग्याच्या मऊपणात तिचा करकरीतपणाच सगळ्यांना जागं ठेवतो. सिसिलीत नाताळच्या सुमारास वांग्याशिवाय, सेलरीलाच मुख्य धरून कापोनाता करतात, यावरून तिचं महत्त्व लक्षात यावं.

केपर्स म्हणजे एका काटेरी झुडपाच्या न उमललेल्या कळ्या. सिसिली आणि ट्युनिशियाच्या मध्ये पान्तेल्लेरिया नावाचं ज्वालामुखीचं बेट आहे, तिथले मिठात मुरवलेले केपर्स नावाजलेले. आपल्याकडे ते बहुतेक व्हिनेगरात किंवा मिठाच्या पाण्यात, छोट्या बाटलीत मिळतात. तेही चालतात. आषाढी द्वादशीला उपास सोडताना जिच्या फळांची भाजी करतात ती आपली वाघाटी या केपरच्या अगदी जवळच्या नात्यातली, एकाच कॅपॅरिस कुळातली. वाघाटीच्या फळाचा कडसर-तुरट उग्रपणा ज्यांनी चाखला आहे त्यांना केपर्सची चव चटकन कळेल.

ऑलिव्ह घेताना लाल मिरचीचा तुकडा भरलेली नकोत. शक्य असेल तर बियांसकट घ्या आणि घरी वाटीच्या बुडाने हलकेच दाबून बी काढा. बी काढून बाटलीत भरलेल्या ऑलिव्हचा गर पाण्यात राहून फिका पडलेला असतो.

चिलगोजे महाग आहेत. त्यांच्यासाठी अडून बसू नका. सिसिलीच्या पश्चिमेला त्रापानीकडे भाजलेले बदामच घालतात, तेव्हा बदाम घेणं ही तडजोड नाही, ती तिथलीच रीत आहे. शेंगदाणे किंवा काजू मात्र घालू नका. शेंगदाण्याची चव सगळ्यांवर चढते आणि काजू रसात लिबलिबीत होतो.

व्हिनेगरची निवड महत्त्वाची आहे. तिथे पांढऱ्या किंवा लाल द्राक्षांच्या वाइनचं व्हिनेगर वापरतात. ते नसेल तर सफरचंदाचं घ्या. गोव्यात माडाच्या सुरेचं व्हिनेगर मिळतं, तेही सौम्य असल्यामुळे छान लागतं. किराणा दुकानातलं स्वस्त कृत्रिम पांढरं व्हिनेगर घशाला लागतं. त्याशिवाय दुसरं नसेल तर प्रमाण ३० मिलिलिटरवर आणा आणि चव घेत वाढवा. चिंच, कोकम, लिंबू हे पर्याय नाहीत. आंबटपणा मिळेल, पण जो वास कापोनातेला कापोनाता बनवतो तो येणार नाही.

बेसिलऐवजी तुळस घालू नका, तिचा वास औषधी होतो. ज्याच्या बिया आपण फालुद्यात घालतो तो सब्जा बेसिलच्याच जातीचा. कुंडीत असेल तर त्याची कोवळी पानं चुरडून वास घ्या. वास गोडसर वाटला तर वापरा, लवंगेसारखा तिखट असला तर दोन-तीन पानांवर थांबा.

वांग्याला मीठ लावणं

वांगी धुऊन पुसा, देठ काढा, साल ठेवा. अडीच ते तीन सेंटिमीटरच्या चौकोनी फोडी करा. कापताना त्या फार मोठ्या वाटतील, पण तळताना निम्म्याने आक्रसतात. लहान कापल्या तर शेवटी नुसता लगदा हाती येतो.

फोडी चाळणीत घ्या, जाडं मीठ चोळा, वर ताटली आणि तिच्यावर काहीतरी वजन ठेवा. पाऊण ते एक तास तशाच राहू द्या. चाळणीखाली भांडं ठेवायला विसरू नका, तपकिरी पाणी बरंच सुटतं.

कडूपणा जावा म्हणून मीठ लावायचं, असं सांगतात. आजकालची वांगी तशी फारशी कडू नसतात. मीठ लावायचं खरं कारण तेल. वांग्याच्या गरात हवेच्या असंख्य पोकळ्या असतात आणि तळताना तेल त्यांतच शिरतं. मिठाने पाणी सुटलं की गर बसतो, पोकळ्या मिटतात, आणि वांगं खूपच कमी तेल पितं. वर आतपर्यंत खारट चव मुरते ती वेगळीच. म्हणून घाईत ही पायरी गाळू नका.

तासाभराने फोडी वाहत्या पाण्याखाली पटकन धुवा. मूठभर मूठभर घेऊन दोन्ही तळव्यांत हलकेच दाबा आणि स्वच्छ पंच्यावर पसरून कोरड्या करा. खरोखर कोरड्या. ओली फोड तापल्या तेलात गेली की तेल उडतं आणि त्याची उष्णताही उतरते.

मधल्या वेळात

वांगी मिठात आहेत तोवर बाकीची तयारी होते. केपर्स पाण्यात भिजत घाला, बाटलीतले असतील तर १५ मिनिटं, कोरड्या मिठातले असतील तर अर्धा तास आणि पाणी दोनदा बदलून. मग पिळून घ्या. मनुका कोमट पाण्यात फुगवा. ऑलिव्ह चाखून बघा. फार खारट असतील तर उकळत्या पाण्यातून मिनिटभर काढा.

सेलरीच्या दांड्यांवरच्या जाड शिरा सोला आणि दांडे दोन सेंटिमीटरचे कापा. उकळत्या पाण्यात दोन ते तीन मिनिटं ठेवून लगेच थंड पाण्यात टाका. उग्र वास इथे उतरतो आणि हिरवेपणा टिकतो. चावल्यावर कचकन आवाज यायला हवा. कोवळी पानं फेकू नका, बारीक चिरून ठेवा.

बदाम किंवा चिलगोजे कोरड्या तव्यावर मंद आचेवर हलवत भाजा. चिलगोजे बघता बघता करपतात, तिथून हलू नका. बदाम भाजून जाडसर चिरा. टोमॅटो उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट टाकून साल काढा, बिया काढा, गर चिरून घ्या.

आंबटगोड रस

भांडं स्टीलचं, जाड बुडाचं आणि पसरट घ्या. ॲल्युमिनियम आणि बिनकल्हईचं पितळ-तांबं नको, व्हिनेगर आणि टोमॅटो त्यांना लागतात.

ऑलिव्ह तेल घालून मंद आचेवर उभा चिरलेला कांदा घाला. दहा-बारा मिनिटं द्या. कांदा मऊ, पारदर्शक आणि गोडसर व्हायला हवा, लाल होता कामा नये. आपल्याकडे कांदा लाल झाल्याशिवाय पुढे जायची सवय नाही, इथे मात्र तिथेच थांबायचं. लसूण, मोहरी, हळद, तिखट यांपैकी काही नको. मला प्रयोगांचं वावडं नाही, पण पहिली कापोनाता तिच्या मूळ चवीत व्हावी असं मनापासून वाटतं. ती चव एकदा जिभेवर बसली की मग काय बदलावं ते आपलं आपल्यालाच कळतं.

कांद्यात सेलरी घाला, दोन मिनिटं परता. मग टोमॅटोचा गर घालून मध्यम आचेवर सात-आठ मिनिटं शिजवा, पाणी आटून तेल कडेला दिसू लागेपर्यंत. आता ऑलिव्ह, केपर्स आणि पाणी निथळून मनुका घाला. मीठ घालू नका. ऑलिव्ह, केपर्स आणि वांगी, तिघांतही मीठ आहे.

व्हिनेगरात साखर आधीच विरघळवून घ्या आणि ते मिश्रण भांड्यात ओता. आच थोडी वाढवा. नाकात झोंबणारी वाफ येईल, तोंड बाजूला ठेवा. दोन-तीन मिनिटांत ती वाफ मवाळ होते, रस चकचकीत होऊन चमच्याला हलका चिकटू लागतो. गॅस बंद करा. बदाम आत्ता घालू नका, मऊ पडतील.

या टप्प्यावर रस चाखलात तर तो जरा जास्तच आंबट, जास्तच गोड आणि जास्तच खारट वाटेल. वाटायलाच हवा. अजून किलोभर वांगी त्यात यायची आहेत.

तळण

कढईत फोडी तरंगतील इतकं तेल घ्या आणि १७५ ते १८० अंश सेल्सियसपर्यंत तापवा. तापमापी नसेल तर वांग्याचा एक तुकडा सोडून बघा. लगेच बुडबुडे घेत वर आला तर तेल तयार आहे. तळाशी बसून राहिला तर थांबा. थंड तेलातलं वांगं नुसतं तेल पितं आणि पिळलेल्या स्पंजासारखं लागतं.

थोडं थोडं तळा. एका वेळी कढईचा पृष्ठभाग जेमतेम भरेल एवढ्याच फोडी. प्रत्येक घाण्याला पाच ते सात मिनिटं लागतात. रंग सोनेरीच्या पुढे, गडद तपकिरीकडे झुकलेला हवा. नवशिक्यांचा हात इथे आखडतो, फिकट सोनेरी झालं की ते वांगी काढून घेतात. अशी वांगी आतून कच्ची राहतात आणि रसात गेल्यावर विरघळतात. चांगल्या तळलेल्या फोडीला बाहेरून कवच आणि आत साईसारखा गर असतो, आणि तेच कवच तिला रसात उभं धरतं. तळलेल्या फोडी जाळीवर किंवा चाळणीत निथळत ठेवा. कागदावर रास केली तर खालच्या फोडी वाफेने मऊ पडतात.

तळण नको असेल तर फोडींना पाच मोठे चमचे तेल चोळून, ट्रेमध्ये एकमेकींना न चिकटवता पसरून, २२० अंशांवर तापलेल्या ओव्हनमध्ये ३० ते ३५ मिनिटं भाजा आणि मध्ये एकदा उलटा. खायला ती चांगलीच लागते, अंगावरही हलकी. पण तळलेल्या वांग्याची खोली तिला येत नाही, हे आधीच सांगून ठेवते. महिन्यातून एकदाच करणार असाल तर तळाच.

गाठभेट

रस पुन्हा मंद आचेवर कोमट करा आणि वांगी त्यात सोडा. झाऱ्याने खालून वर, दोन-तीनदाच हलवा. झाकण नको. दोन मिनिटांनी गॅस बंद करा. सेलरीची चिरलेली पानं आणि अर्धं बेसिल हाताने तोडून घाला.

आता तिला सोडून द्या. गरम असताना चाखून निर्णय घेऊ नका, त्या वेळी व्हिनेगर नाकात जातं आणि बाकी काही कळत नाही. पूर्ण निवल्यावर काचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात काढून, झाकून फ्रिजमध्ये रात्रभर ठेवा. आपल्या उकाड्यात ती ओट्यावर रात्रभर ठेवणं बरं नाही. या रात्रीत वांगं रस ओढून घेतं, कांद्याचा गोडवा पसरतो, केपर्सचा टोकदारपणा कमी होतो. त्याच दिवशी वाढलेली आणि दुसऱ्या दिवशी वाढलेली कापोनाता शेजारी ठेवून चाखलीत तर हा फरक कुणी समजावून सांगायची गरज उरणार नाही.

दुसऱ्या दिवशी वाढण्याआधी अर्धा-पाऊण तास बाहेर काढा. फ्रिजमधून थेट वाढली तर चव मुकी राहते. आता चाखा. आंबट जास्त वाटलं तर चमचाभर साखर दोन चमचे गरम पाण्यात विरघळवून घाला. गोड झाली असेल तर थोडं व्हिनेगर शिंपडा. कोरडी वाटली तर कच्च्या ऑलिव्ह तेलाची धार सोडा. मिठाची गरज बहुधा लागणार नाही, लागली तर आता घाला. वरून बदाम आणि उरलेलं बेसिल.

कशाबरोबर

सिसिलीत जेवणाच्या सुरुवातीला, भाजलेल्या पावाबरोबर किंवा मासळीच्या शेजारी वाढतात. पाव कडक सालीचा हवा. गोव्यात असाल तर पोदेराकडचा उंडो याच्यासाठीच बनवल्यासारखा आहे. मऊ लादीपाव रसाने लगेच भिजतो, तो आधी तव्यावर खरपूस भाजून घ्या. ज्वारीच्या भाकरीबरोबर मला ती फार आवडते. ज्वारीला स्वतःचा गोडवा असतो आणि ती रसाचा जोर नीट पेलते. भाजलेल्या सुरमईशेजारी दोन चमचे वाढून बघा, कांदा-लिंबाची आठवण होणार नाही. मांस, दूध, अंडं यांतलं काहीच हिच्यात नसल्यामुळे घरात कुणी शाकाहारी असो की दूध टाळणारं, सगळ्यांना चालते.

पूर्वेला कातानियाकडे कापोनातेत ढोबळी मिरची घालतात. करायची असेल तर एक लाल आणि एक पिवळी घ्या, मोठे तुकडे करा आणि वांग्यांच्या आधी त्याच तेलात वेगळी तळून काढा. हिरवी नको, तिचा कडवटपणा वर येतो. काही घरांत वरून थोडं कडू चॉकलेट किसतात. गोड चॉकलेट नव्हे, कडू. ऐकायला विचित्र वाटतं, पण व्हिनेगरचा रस त्याने गडद आणि गोलाईदार होतो. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला एका वाटीपुरतं करून बघा.

किती टिकते

फ्रिजमध्ये चार-पाच दिवस. दरवेळी कोरड्या, स्वच्छ चमच्याने काढा. व्हिनेगर आहे, तेल आहे, म्हणजे लोणच्यासारखी महिनाभर बाहेर टिकेल, असं समजू नका. वांग्यात स्वतःची आम्लता कमी असते आणि इथलं व्हिनेगर चवीपुरतं आहे, टिकवण्यापुरतं नाही. बाटलीत गच्च भरून, वर तेलाचा थर देऊन बाहेर ठेवलेल्या भाजीत हवेविना वाढणारे बोट्युलिझमचे जंतू विष तयार करू शकतात, आणि ते वासाने किंवा चवीने कळेलच असं नाही. जास्त झाली तर लहान डब्यांत भरून फ्रीझरमध्ये ठेवा. वितळल्यावर फोडी थोड्या मऊ होतात, तेव्हा अशी कापोनाता उकडलेल्या पास्त्यात मिसळा, पास्त्याचं दोन चमचे पाणी घालून गरम करा आणि वरून ताजे भाजलेले बदाम घाला.